अठरा तासांचं अंतर

थोरल्याचे पाय टबात होते आणि घरची बैठक सुरू झाली होती.

निळा प्लास्टिकचा टब, सोसवेल इतकं गरम पाणी, पाण्यात दोन मुठी जाडं मीठ, आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ज्याला आपली बाजू ठामपणे मांडायची असेल त्याने असं बसू नये. पण थोरल्याला बाजू मांडायची गरजच नव्हती. गेली अकरा वर्षं त्याची बाजू एक आकडा मांडत आला होता, आणि तो आकडा त्याच्यापेक्षा बरा बोलायचा. अठरा तास.

तो राहायचा ते शहर आणि हे घर यांच्यामध्ये अठरा तास होते. पहिलं विमान सहा तास, तेही उलट्या दिशेला. मग परक्या विमानतळावर लोखंडी खुर्चीत सात तास. मग दुसरं विमान, पाच तास. पहिल्यांदा तो आला तेव्हा पाय इतके सुजले होते की बूट निघेनात. आईने कात्री आणून नाड्या कापल्या आणि हा टब पुढे सरकवला. तेव्हापासून तो आला की टब आलाच. दोन वर्षांपूर्वी आई गेली, आणि टबाचं काम कोणी न सांगता धाकटीने उचललं.

आताही धाकटी किटली घेऊन आली, खाली बसली आणि तिने पाण्यात बोट बुडवून पाहिलं.

"निवलं का रे दादा?"

"राहू दे गं. ठीक आहे."

"ठीक कसलं? अठरा तास लटकून आलायस." तिने काठाकाठाने गरम पाणी सोडलं. "या वेळी सूज कमी दिसतेय तशी."

थोरल्याने पाय थोडे आणखी खाली दाबले. पायांना सूज असण्याचं काहीच कारण नव्हतं. दुपारी दोनला तो विमानात बसला होता आणि सात वाजायला दहा कमी असताना इथे उतरला होता. मध्ये एक सिनेमा पाहिला होता, तोही पूर्ण. चार तास पन्नास मिनिटं.

थेट विमान सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. रोज एक. ऑफिसच्या रस्त्यावर त्याची भली मोठी पाटी लागली तेव्हा थोरल्याला खराखुरा आनंद झाला होता. एकदम दारात जाऊन उभं राहायचं आणि आईला चकित करायचं, असं त्याने ठरवलंही होतं. मग कामं निघाली. तो लिफ्टच्या कंपनीत होता. लिफ्टची वाट पाहणाऱ्या माणसाचं डोकं कितव्या सेकंदाला फिरतं, हे काढणं हा त्याचा धंदा, आणि त्या वर्षी त्याच्या शहरात बरेच लोक वाट पाहत होते. पुढे मधल्याने नवा दवाखाना काढला आणि आईने फोनवर विचारलं, "दोन दिवसांसाठी तरी येशील का?" तेव्हा त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अगं, दोन दिवसांसाठी अठरा तास?"

आई म्हणाली, "खरंच की. नको बाबा."

त्या फोनपर्यंत अठरा तास ही जुनी झालेली माहिती होती. फोन ठेवला तेव्हा ती थाप झाली होती. आणि एकदा झाल्यावर तिची देखभाल आली. विमान दुपारचं असलं तरी निघाल्याचा निरोप मध्यरात्री पाठवावा लागे. सकाळी सहाला 'पहिलं उतरलं, आता सात तास इथेच' असं कळवावं लागे, आणि ते तो स्वतःच्या पलंगावरून, पांघरुणात पडून कळवत असे. बायकोने पहिल्यांदाच सांगून टाकलं होतं, "मी काही बोलणार नाही. पण कोणी विचारलं तर खरं तेच सांगेन." त्यामुळे इकडे यायचं म्हटलं की तिला प्रत्येक वेळी नेमकं महत्त्वाचं काम निघायचं.

आणि या घरात औषधाच्या बाटलीवरची तारीख तिघेजण तपासत, पण थोरल्या भावाने सांगितलेला आकडा तपासायचं कोणाच्या मनातही आलं नाही. घरात दुसरं कोणी विमानात बसलेलं नव्हतं. जो एकटाच जाऊन आलाय त्याने सांगितलं, म्हणजे असेल.

"तर मुद्दा असा आहे," मधला म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. समोरच्याला उत्तर देता येत नाही अशा वेळी प्रश्न विचारायची त्याला सवय होती. "हिला पुढच्या महिन्यापासून सहा महिने बाहेरगावी जावं लागतंय. नर्सिंगच्या शाळेचं आहे, नाही म्हणता येणार नाही. मी सकाळी नऊ ते रात्री नऊ दवाखान्यात. अण्णा मागच्या महिन्यात जिन्यात पडले. दिवसभर त्यांना एकटं ठेवणं शक्य नाही."

"मी पडलो नाही," अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाले. "बसलो."

"अण्णा, तुम्ही सहा पायऱ्या बसत बसत आलात," मधली म्हणाली. मधली म्हणजे मधल्याची बायको, जिला बाहेरगावी जायचं होतं ती. गेली दोन वर्षं अण्णांच्या गोळ्या, पथ्य आणि चिडचिड तीच सांभाळत होती. तिने थोरल्याकडे वळून सरळ विचारलं, "दादा, तुमच्याकडे एक खोली रिकामी आहे ना?"

"आहे," थोरला म्हणाला.

"इमारतीला लिफ्ट आहे?"

हा टोमणा होता की चौकशी हे त्याला ठरवता आलं नाही. "आहे."

"वहिनी, असं काय विचारतेस?" धाकटी किटली हातात घेऊनच उभी राहिली. "अण्णांच्या पायात मागे रक्ताची गाठ झाली होती, डॉक्टरांनी काय सांगितलंय? सलग सहा तासांच्या वर बसायचं नाही. आणि प्रवास अठरा तासांचा. वाटेत काही झालं तर?"

"मग तू ने."

"माझ्याकडे दोन खोल्या, त्यातल्या एकीत सासरे अंथरुणाला खिळलेले. तुला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच तुझ्याबद्दल बोलले नाही. पण जे लांब आहेत त्यांची बाजू तू कायम घेतेस. लांब राहिलं की माणूस आपोआप गरीब बिचारा होतो वाटतं."

"त्याने काय मुद्दाम अंतर वाढवलंय?"

टबातलं पाणी नेमकं तेव्हाच थोरल्याला फार गरम वाटायला लागलं.

खरं सांगायचं तर हीच संधी होती. 'अरे हो, सांगायचं राहिलं, आता थेट विमान निघालंय' एवढं हसत हसत म्हटलं असतं, तरी चाललं असतं. 'नुकतंच' हा शब्द मध्ये घातला की झालं. हे वाक्य त्याने विमानात दोनदा मनात म्हणूनही पाहिलं होतं. पण अण्णा सहा महिने घरी येणार, बायको सकाळी सातला बाहेर पडणार, आपण आठला. सकाळचा तो शांत चहा जाणार. तो गप्प बसला. आपल्या पंचाहत्तर वर्षांच्या बापाला आपण एका कप चहावर तोलतो आहोत, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तरीही तो गप्प बसला.

अण्णांनी हात वर करून कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला. चौतीस वर्षं त्यांनी नकाशांच्या कचेरीत रेषा ओढल्या होत्या. नद्या, रस्ते, सरहद्दी. निवृत्त होताना मिळालेला हा गोल घरात भूगोलापेक्षा टोप्या अडकवायलाच जास्त वापरला गेला होता. अण्णांनी चष्म्याच्या घरातून एक पांढरा दोरा काढला. त्याला दोन गाठी होत्या.

"एक गाठ इथे," त्यांनी गोलावर बोट ठेवलं, "आणि दुसरी थोरल्याच्या गावावर. साडेनऊ सेंटीमीटर. एका सेंटीमीटरला चारशे किलोमीटर. किती झाले?"

"तीन हजार आठशे," मधला म्हणाला. "पण अण्णा, विमान काही दोऱ्यावरून जात नाही. आधी उलटीकडे जातं, मग तिथे थांबतं."

"हो, तेही आहे." अण्णांनी दोरा बोटाला गुंडाळला. मग थोरल्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "अजून अठराच लागतात का रे?"

सगळे थोरल्याकडे बघू लागले. वास्तविक कोणाच्याच नजरेत संशय नव्हता. उत्तर माहीत असलेला प्रश्न मोठ्या माणसाने विचारला की घरचे जितक्या प्रेमाने बघतात, तितक्याच प्रेमाने सगळे बघत होते.

"हो," तो म्हणाला. "साधारण."

"बरं," अण्णा म्हणाले.

त्या 'बरं'मध्ये राग नव्हता, निराशाही नव्हती. शाईचा थेंब पडलेला कागद पाहून ते कचेरीत असंच म्हणत असावेत. अण्णांना माहीत होतं. कधीपासून, ते कळायला मार्ग नव्हता, पण दोऱ्याच्या गाठी काही आजच्या दिसत नव्हत्या. मळून काळ्या पडल्या होत्या.

"झालं तर मग," धाकटी म्हणाली. "वहिनी, दुसरा काहीतरी मार्ग काढू. मी दुकानात सांगून दुपारची सुट्टी घेईन." ती औषधांच्या दुकानात होती, सकाळी आठपासून उभी.

"दुसरा मार्ग म्हणजे परत तूच ठरवणार," मधली म्हणाली.

"परत म्हणजे?"

"मला बोलायला लावू नकोस."

"बोल ना."

मधल्याने बायकोकडे डोळ्यांनी 'नको' अशी खूण केली. त्याचा नेहमीप्रमाणे उलटा परिणाम झाला.

"आईंच्या वेळी कोणी ठरवलं?" मधली म्हणाली. "सकाळी नऊला डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस. मी म्हटलं, दादांना फोन करा. हे म्हणाले, करू या. तू म्हणालीस, नको. रात्री नऊला, सगळं संपल्यावर केलास. बारा तास, माणसाला त्याची आई चाललीय हे माहीत नव्हतं. लोकांनी मला विचारलं, थोरल्याला का नाही कळवलं? मी काय सांगणार? आमच्या धाकटीने ठरवलं म्हणून?"

धाकटीने किटली जमिनीवर ठेवली.

"मी रोज विचार करते त्याचा," ती म्हणाली. "तुला काय वाटतं? अठरा तास तो पोचणार नव्हता. कळवून काय झालं असतं? परक्या विमानतळावर एकटा बसून राहिला असता, आई आहे की गेली ते माहीत नाही. मला वाटलं, एकदाच ऐकू दे. चुकलं माझं. दादाला मी सांगितलंय, चुकलं म्हणून. त्याने मला माफ केलंय. तू कोण गं?"

थोरल्याने माफ केलं होतं, हे खरं होतं. त्याच खिडकीशी, आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. धाकटी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होती आणि तो तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला होता, "तू तरी काय करणार होतीस? पोचलो नसतोच मी." फार मोठ्या मनाचा दिसला होता तेव्हा. मधल्याने नंतर दोघातिघांना ते कौतुकाने सांगितलंही होतं.

"माफ केलं म्हणून झालेलं बदलत नाही," मधली म्हणाली.

"मला माहीत आहे," धाकटी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मधलीसुद्धा ओशाळली.

"चार तास पन्नास," थोरला म्हणाला.

कोणाला काही कळलं नाही.

"काय?" मधला म्हणाला.

"चार तास पन्नास मिनिटं लागतात. थेट विमान आहे. सहा वर्षं झाली." तो टबातल्या पाण्याकडे बघून बोलत होता. पाण्यातून पाय मोठे दिसत होते, म्हणजे निदान तिथे तरी सुजल्यासारखे. "रोज दुपारी दोनला सुटतं. आजही त्यानेच आलो."

मधल्याचं तोंड उघडं राहिलं होतं; रोज दुसऱ्यांची बघायचा तसंच.

"पण तुम्ही मेसेज..." मधली म्हणाली.

"घरून."

"सकाळी सहाला?" हे धाकटीने विचारलं.

"अंथरुणातून."

"'पहिलं उतरलं' असं लिहिलं होतंस."

"हो."

"मी लिहिलं, बाहेरचं काही खाऊ नकोस, पोट बिघडेल."

"हो."

"तू लिहिलंस, 'फक्त बिस्किटं खाल्ली'."

एवढ्या मोठ्या थापेत ती बिस्किटंच त्याला जास्त लागली. ती कोणी मागितली नव्हती.

"काल रात्रीपासून मी उशाशी फोन घेऊन पडले होते," धाकटी म्हणाली. "तू विमानात असलास की आईला झोप यायची नाही. आता मला येत नाही." तिच्या चेहऱ्यावर हिशोब मांडला जात होता, आणि तो कुठे जाऊन थांबणार हे थोरल्याला दोन वर्षांपासून माहीत होतं. "त्या दिवशी. मी नऊला फोन केला असता तर?"

खोटं बोलायची ही शेवटची जागा होती. त्या दिवशीचं विमान भरलेलं होतं, रद्द झालं होतं, काहीही सांगता आलं असतं. कोणी तपासलं नसतं.

"दोनचं विमान मिळालं असतं," तो म्हणाला. "जागा होत्या. मी नंतर पाहिलं. सात वाजायला दहा कमी असताना उतरलो असतो. तिथून हॉस्पिटल पन्नास मिनिटं. आई आठ पंचवीसला गेली." "पाऊण तास मिळाला असता."

त्याचं हे गणित पाठ होतं. लिफ्टच्या दारात उभ्या माणसांची सेकंदं मोजता मोजता तो मध्येच हा पाऊण तास मोजत असे, आणि सहकारी त्याला विचारत, साहेब, आकडा चुकला का?

धाकटी टबाजवळ खाली बसली. ओरडेल, रडेल, असं मधल्याला वाटलं असावं, कारण तो पुढे सरकला. पण ती साध्या आवाजात बोलायला लागली, दुकानात गिऱ्हाइकाला गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगते तशी.

"संध्याकाळी पाचला आईने डोळे उघडले होते. तुम्ही सगळे खाली होता. मला म्हणाली, थोरला कुठवर आला? मी म्हटलं, निघालाय. वाटेत आहे. अठरा तास लागतात ना, म्हणून वेळ होतोय. हे मी कोणाला सांगितलं नाही. मरणाऱ्या बाईशी खोटं बोलले, म्हणून मला लाज वाटत होती." तिने टबाचा काठ धरला. "आई म्हणाली, अठरा तास? मग पाय सुजले असतील त्याचे. घरात मीठ आहे का बघ. त्यानंतर ती काही बोलली नाही."

थोरल्याने पाय पाण्यातून बाहेर काढायचा प्रयत्न केला, पण ते ठेवायचे कुठे हे त्याला सुचेना. ते तसेच पाण्यावर अधांतरी राहिले, ठिबकत.

मधली उठली आणि धाकटीच्या शेजारी जाऊन बसली. दोघींचं गेल्या दोन वर्षांत पटलेलं नव्हतं. तिने धाकटीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि धाकटीने तो राहू दिला. मधला खुर्ची सरकवून त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. खोलीच्या या बाजूला एकटा टब उरला.

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं?" मधल्याने विचारलं.

"तुमची आई गेल्यावर दुपारी काही काम नसायचं," अण्णा म्हणाले. "म्हणून मोजलं. पाच तासांचं अंतर निघालं. वाटलं, बाकीचे तेरा त्याचे त्याला लागत असतील." त्यांनी दोरा चष्म्याच्या घरात ठेवला आणि झाकण लावलं. मग धाकटीकडे पाहून म्हणाले, "तुझ्या मनात हे असेल, ते मला ठाऊक नव्हतं पोरी. नाहीतर तेव्हाच बोललो असतो. माझंही चुकलं."

"अण्णा," थोरला म्हणाला, "तुम्ही माझ्याकडे चला. उद्याच. पाहिजे तितके दिवस."

"तुझ्या लाजेखातर नको," अण्णा म्हणाले. "हिला सहा महिने जायचंय, तिला निर्धास्त जाता आलं पाहिजे, म्हणून येतो. मधल्या, डॉक्टरांना विचारून घे, चार तास पन्नास चालतील का." जरा थांबून ते म्हणाले, "दोनचं आहे ना? मग जेवून निघता येईल."

थोरल्याने टॉवेलसाठी हात पुढे केला. टॉवेल धाकटीच्या खांद्यावर होता. नेहमी तीच पुढे होऊन द्यायची, नको म्हटलं तरी टाचा पुसायची. ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. टॉवेल खांद्यावरच राहिला. त्याने हात मागे घेतला, ओले पाय फरशीवर टेकले, टब उचलला आणि पाणी हिंदकळू न देता न्हाणीघराकडे निघाला. पॅन्टचा एक पाय सुटून खाली आला होता, दुसरा तसाच वर होता.

पाणी ओतून तो वळला तेव्हा धाकटी दारात उभी होती. हातात स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा काचेचा बरणीवजा डबा होता, जाड्या मिठाने अर्ध्याहून जास्त भरलेला. आईला प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायची हौस होती. शाई उडून तपकिरी झाली होती, पण अक्षरं लागत होती: 'थोरल्याचे पाय'.

"हे जाताना घेऊन जा," ती म्हणाली. "जड आहे जरा. पण चार तास पन्नासच धरायचंय."

तिने डबा त्याच्या ओल्या हातांत दिला. तो सुटू नये म्हणून क्षणभर स्वतःही धरून ठेवला, आणि मग सोडला.